गोळी घेतली पण लागली नाही : पार्किन्सनच्या गोळ्यांचा घोळ कुठनं सोडवायचा

आधी लक्षणं सांगतो. जुळली तर पुढं वाचा, नाहीतर वेळ घालवू नका.

सकाळची गोळी घेऊन तास झाला तरी हातपाय सुटत नाहीत. किंवा गोळी लागते पण पुढच्या गोळीला अजून तासभर असतानाच उतरते, आवाज बारीक होतो, चेहरा लाकडासारखा, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पहाटे पायाचा अंगठा वळतो, पोटरीत गोळा येतो. बाकीच्या गोळ्या बरोबर चालतात पण दुपारची एकच फेल जाते. नाहीतर उलटं, गोळी चांगली लागते आणि नंतर तासाभरानं मान, खांदे, हात आपोआप वळवळायला लागतात. उठून उभं राहिलं की अंधारी. आणि शेवटचं, गेल्या महिन्या-दोन महिन्यात एकदम सगळंच मंद झालंय आणि घरचे म्हणतायत "आजार वाढला".

माझ्या बायकोला हा आजार होऊन ११ वर्षं झाली. मी सांगली डेपोत नोकरी केली, शेवटी शेवटी वाहतूक नियंत्रक होतो. त्यामुळं एक सवय अंगात भिनलीय, गाडी लेट आली की ड्रायव्हरवर ओरडायचं नाही, आधी मागच्या स्टँडवरनं किती वाजता सुटली ते बघायचं. हिच्या गोळ्यांचं पण तसंच निघालं. आमच्या घरी, मग विट्याच्या मेव्हण्याच्या वडिलांचं, मग गल्लीतल्या दोघांचं, असं करत करत तोच घोळ इतक्या वेळा सोडवलाय की आता क्रम ठरून गेलाय. दहातल्या सात-आठ वेळा आजार वाढलेला नसतो, डोस पण कमी नसतो, गोळीच्या आजूबाजूला कायतरी बदललेलं असतं. मी डॉक्टर नाही. डोस कमी-जास्त करायचं काम माझं नाही आणि तुमचंही नाही, हे एकदाच सांगतो.

गोळीचं काम थोडक्यात. मुख्य गोळीत दोन औषधं असतात, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं (हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन, ह्या आजारात तेच कमी पडतं), आणि कार्बिडोपा त्याला वाटेत, म्हंजे मेंदूबाहेर, बनू देत नाही, नाहीतर नुसती मळमळ होते आणि मेंदूला काय पोचतच नाही. हे औषध पोटात नाही तर पुढं लहान आतड्यात शोषलं जातं, आणि रक्तातनं भराभर उतरतं, साधारण दीड तासात निम्मं. सुरवातीच्या वर्षांत मेंदूकडं स्वतःचा थोडा साठा असतो म्हणून गोळी अर्धा तास मागंपुढं झाली तरी खपून जातं. पुढं पुढं तो साठा संपतो आणि मग गोळीचं घड्याळ तेच माणसाचं घड्याळ होतं. पहिली पाच वर्षं आम्ही "जेवण झालं की घे गं" असं चालवलं आणि निभावलं, सहाव्या वर्षी तेच अंगाशी आलं.

पहिलं, फुकटातलं : वही आणि घड्याळ

चार दिवस, बाकी काय न बदलता, नुसतं लिहा. गोळी किती वाजता घेतली (ठरलेली वेळ नाही, खरी वेळ), कधी लागली, कधी उतरली, काय खाल्लं, वळवळ कधी झाली, संडास झाली का. एवढंच. मी जुन्या कंट्रोल चार्टसारखे रकाने पाडले होते, ही हसायची, म्हणायची "अहो, मी काय पंढरपूर गाडी आहे का." पण तिसऱ्या दिवशी कळलं की ९ ची गोळी रोज पावणेदहाला पडतीय, कारण त्या टायमाला भांडीवाली येते आणि ही तिच्यामागं असते.

हे का महत्त्वाचं, तर डॉक्टरकडं गेल्यावर आपण सांगतो "दिवसभर कडक असते" आणि डॉक्टर डोस वाढवतात. वहीत दिसतं की दिवसभर नाही, फक्त गोळी उतरताना कडक असते. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीचा इलाज वेगळा. एकात डोस बघतात, दुसऱ्यात दोन गोळ्यांतलं अंतर कमी करतात नाहीतर सोबतीला दुसरी गोळी देतात, एंटाकॅपोन वगैरे, जी लेव्होडोपाला जास्त वेळ टिकवते. (ती सुरू झाली की लघवी केशरी-तांबूस होते, घाबरू नका, आम्ही रक्त समजून रात्री ११ ला फोनाफोनी केली होती.)

मोबाईलला अलार्म लावा, वेगवेगळ्या आवाजाचे. सकाळची पहिली गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवा, कारण रात्रीच्या शेवटच्या गोळीपासनं सकाळपर्यंत सगळ्यात मोठा गॅप पडतो, आणि ज्या माणसाला गोळी घ्यायला उठून स्वैपाकघरात जायचंय त्याला उठायलाच गोळी लागते.

गोळी चुकली तर दोन एकदम द्यायच्या नाहीत. किती उशीर झाला तर घ्यायची आणि किती झाला तर सोडून द्यायची, हे डॉक्टरला शांतपणी आधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

दुसरं : ताट

दुपारचीच गोळी फेल जाते म्हणाला की मी पहिलं विचारतो, जेवता किती वाजता आणि ताटात काय असतं. लेव्होडोपा आणि प्रथिनातली अमिनो आम्लं एकाच दारातनं आत जातात, आतड्यात पण आणि मेंदूच्या उंबऱ्यावर पण. दोन्ही एकदम आली तर दारात गर्दी, आणि गर्दीत गोळी मागं राहते. स्वारगेटची शनिवारची गाडी डोळ्यापुढं आणा.

म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी, असं साधारण सांगतात. आमच्याकडं दुपारी दीडला जेवण आणि "जेवणानंतर" म्हणून लगेच गोळी, वर वाटीभर दही. मटकीची उसळ, आमटी, दही, सगळी प्रथिनंच की. जेवण तसंच ठेवलं, गोळी १२:४५ ला केली (डॉक्टरला विचारून, हो), आठवड्यात फरक. रविवारी मटण असायचं तेव्हा दुपार हमखास वाया जायची, आता मटण रात्री. रात्री नुसतं झोपायचंच असतं, तेव्हा गोळी थोडी कमी लागली तर चालतं.

पण म्हणून प्रथिनं बंद करू नका. गल्लीतल्या एका काकूंनी डाळ, दूध सगळं सोडलं आणि चार महिन्यात ९ किलो उतरल्या. सोडायचं नाही, सरकवायचं. बरं, उपाशीपोटी गोळीनं मळमळत असेल तर मारीची दोन बिस्किटं नाहीतर अर्धं केळं, त्यानं काय अडत नाही. गोळी दुधाबरोबर नको, ग्लासभर पाण्याबरोबर. घोटभर पाण्यात गोळी पोटातच रेंगाळते.

तिसरं : संडास

लाजायचं नाही. ह्या आजारात पोट मुळातच हळू चालतं, आणि पोट हळू तर गोळी आतड्यात उशिरा पोचते. तीन दिवस कोठा साफ नसला की आमच्याकडं गोळी लागायला पाऊण तासाऐवजी दीड तास लागतो, हे वहीत लिहिलेलं आहे, मनाचं सांगत नाही. पाणी, रात्री इसबगोल, पेरू-पपई, सकाळी चालणं. इसबगोल घेतलं तर पाणी भरपूर, आणि गोळीबरोबर एकदम नाही. ह्यानं नाही भागलं तर डॉक्टर जुलाबाचं साधं औषध देतात, मनानं चूर्ण आणू नका, चूर्णांवर पुढं येतोच.

चौथं : स्ट्रिप उलटी करून वाचा

इथं पाच मिनिटं द्या. चष्मा लावा, मोबाईलची टॉर्च लावा. ११० म्हंजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. प्लस लिहिलेली असते ती १०० आणि २५. २७५ म्हंजे २५० आणि २५. सीआर लिहिलेली ती हळूहळू सुटणारी. रंग, आकार कंपनीप्रमाणं बदलतो, त्यावर विश्वास ठेवू नका, आकडे वाचा.

एकदा मेडिकलात नेहमीची नव्हती म्हणून "तीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दिली. नाव तेच, पुढं सीआर. ही सकाळी साडेआठपर्यंत पलंगावरनं हललीच नाही, कारण सीआर सावकाश चढते आणि साध्या गोळीइतकी पूर्ण शोषली पण जात नाही. दोष कुणाचा म्हणत बसलो नाही, मी पण न वाचता पिशवीत टाकलीच होती. तेव्हापासनं रिकामी स्ट्रिप बरोबर नेतो आणि काउंटरवरच शेजारी शेजारी ठेवून बघतो.

सीआर गोळी कुटायची नाही, चावायची नाही. गिळायला त्रास होतो म्हणून खलात कुटून मधातनं देणारे मी बघितलेत. सावकाश सुटायची ती एकदम सुटते, तासभर वळवळ आणि मग मोकळं. गिळायला जमत नसेल तर ते डॉक्टरला सांगा, दुसरे प्रकार मिळतात.

आणि स्टॉक. २०१९ च्या पुरात आमच्या भागातली मेडिकलं पाण्याखाली होती, घरात चार दिवसाच्या गोळ्या. पाचव्या दिवशी मिरजेच्या भाच्यानं आणून दिल्या म्हणून वाचलो. आता जुलै लागायच्या आत महिन्याचा साठा वरच्या मजल्यावर, डब्यात.

पाचवं : बाकीच्या गोळ्या. खरा चोर बहुतेक इथंच सापडतो

घरातली सगळी औषधं, फ्रिजवरची, देव्हाऱ्याशेजारची, पर्समधली, एका ताटात ओता. प्रत्येकाचं मागचं बारीक नाव लिहून काढा.

गॅसची कॅप्सूल. हिला दोन वर्षांमागं ॲसिडिटी झाली, जवळच्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक कॅप्सूल दिली. पित्त थांबलं. पाच-सहा आठवड्यांनी हिची चाल गेली, जेवताना घास तोंडात तसाच राहायचा, नातवानं विचारलं "आजी रागावलीय का?" कारण चेहऱ्यावर काय हलतच नव्हतं. सगळे म्हणाले आजार वाढला. न्यूरोवाल्यांनी, म्हंजे पार्किन्सनच्या मेंदूच्या डॉक्टरांनी, पण आधी डोस वाढवायचं काढलं, मग म्हणाले दुसरं काय चालू आहे. मी म्हटलं काय नाही ओ, नुसती गॅसची. "दाखवा." मागं दोन नावं होती, पहिलं पित्ताचं आणि दुसरं लेव्होसल्पिराईड. ते मेंदूतलं डोपामिनचं दारच बंद करतं. म्हंजे एका हातानं आम्ही डोपामिन घालत होतो आणि दुसऱ्या हातानं कुलूप लावत होतो. बदलून साधी पित्ताची गोळी दिली. लगेच फरक नाही पडत हे लक्षात ठेवा, आम्हाला दीड महिना लागला, काहींना त्याहून जास्त लागतो.

तशीच बाकीची नावं लिहून घ्या. उलटीचं मेटोक्लोप्रामाईड आणि प्रोक्लोरपेराझीन. चक्करचं सिनारिझीन, आणि अर्धशिशी-चक्करला देतात ते फ्लुनारिझीन. डोकं फिरलं, भास झाले म्हणून देतात ते हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन. ही सगळी पार्किन्सनच्या माणसाला आणखी कडक करतात. उलटीला बहुतेक डॉक्टर डॉमपेरिडोन निवडतात कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर त्यालाही विचार करावा लागतो. सापडलं यातलं काय तर मनानं बंद करू नका, ज्यांनी दिलं त्यांना आणि न्यूरोवाल्यांना दोघांना स्ट्रिप दाखवा. डॉक्टर वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आपण गॅससाठी गेल्यावर पार्किन्सनची फाईल नेतो का? नाही.

लोहाची गोळी. रक्त कमी म्हणून देतात, लोह लेव्होडोपाला पोटातच धरून बसतं. दोन्हीत निदान दोन तास अंतर. बऱ्याच टॉनिकात पण लोह असतं, बाटली वाचा.

खोकल्याचं औषध. ज्यांना रासाजिलीन किंवा सेलेजिलीन (ह्या पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळ्या) चालू आहे त्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कफ सिरप, दुखण्याची ट्रामाडॉल, पेथिडिनचं इंजेक्शन यांपासनं लांब राहायचं, डिप्रेशनची गोळी पण दोन्ही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही. ताप, थरथर, बीपी चढणं, भ्रम असं गंभीर होऊ शकतं. दात काढायला गेलात तरी आधी सांगा.

ट्रायहेक्सीफेनिडिल. जुनी गोळी, कापऱ्याला चालते, पण सत्तरीच्या पुढं विसर, भ्रम, लघवी अडकणं, कोठा बांधणं. म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं करत असेल आणि ही गोळी चालू असेल तर न्यूरोवाल्यांना विचारा.

आणि चूर्ण. "कंपवातावर आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही" म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा कवचबीज, म्हंजे खाजकुयलीचं बी असतं. त्यात खरंच लेव्होडोपा असतं, थोतांड नाही. म्हणूनच भानगड होते. पुडीत किती आहे ते लिहिलेलं नसतं, गोळी चालूच असते, दोन्ही मिळून डोस कुठल्या कुठं जातो. मेव्हण्याच्या वडिलांना दिवसभर वळवळ व्हायची, तिघा डॉक्टरांना कळेना, शेवटी त्यांची सून म्हणाली सकाळी दुधातनं एक पावडर घेतात.

वळवळ आणि थरथर एक नव्हे

हे मधेच घालतो कारण इथं घरचे सगळ्यात जास्त चुकतात. थरथर ठरावीक तालात असते, बहुतेक हात मांडीवर शांत पडला असताना, आणि गोळी उतरलेली असताना. वळवळ नाचल्यासारखी, लाटेसारखी, मान-खांदे-कंबर, आणि गोळी भरात असताना, म्हंजे घेऊन तासा-दीड तासानं. ती जास्त औषधाची असू शकते. आणि घरचे काय करतात, हलतंय म्हणून अजून अर्धी गोळी देतात. मग अजून हलतं. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, गोळीची वेळ बोलून रेकॉर्ड करा, डॉक्टरला दाखवा. दवाखान्यात गेल्यावर माणूस नेमका ठणठणीत चालतो हा सगळ्यांचा अनुभव आहे.

सहावं : बीपी आणि ताप

पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर ते उभं राहिल्यावरचं बीपी पडणं आहे. हे आजारानंही होतं आणि गोळ्यांनीही, आणि बऱ्याच जणांना बीपीची जुनी गोळी दहा वर्षं तशीच चालू असते जी आता लागतच नाही. आकडे लिहून न्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हे वाढतं.

आणि एक-दोन दिवसात एकदम बिघडलं, वहीत, ताटात, स्ट्रिपवर काही सापडत नाही, तर लघवीची तपासणी करा. लघवीचं इन्फेक्शन म्हाताऱ्या माणसात ताप न येता नुसतं कडकपणा आणि गोंधळ घेऊन येतं. साधी तपासणी असते, कुठल्याही लॅबमध्ये होते.

इथं थांबायचं, पुढचं आपलं काम नाही

वरचं सगळं करून चार-पाच दिवस झाले आणि फरक नाही, तर वही आणि सगळ्या स्ट्रिपा घेऊन न्यूरोकडं. भास होतायत, नसलेली माणसं दिसतायत, किंवा प्रामिपेक्सोल-रोपिनिरोल ह्या पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळ्या चालू असताना माणूस एकदम लॉटरी, खरेदी, जुगार, खादाड असं कायतरी करायला लागलाय, बसल्या बसल्या गाढ झोपतोय, तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. तो स्वभाव नाही, गोळीचा परिणाम असतो, आणि घरातली माणसं उगाच भांडतात.

लगेच दवाखाना, १०८ ला फोन : खूप ताप आणि अंग लाकडासारखं कडक आणि शुद्धीत फरक. हे बहुतेक गोळ्या एकदम बंद झाल्यावर होतं आणि जिवावर बेततं. म्हणून उपास, पूर, प्रवास, ऑपरेशन, कारण कुठलंही असो, लेव्होडोपा एकदम बंद करायची नाही, अमँटाडीन (ही पण पार्किन्सनचीच गोळी) चालू असेल तर ती पण नाही. पाणी गिळताना ठसका लागून श्वास लागला, पडून डोक्याला मार, लघवी पूर्ण अडकली, छातीत दुखलं, तरीही तेच.

ॲडमिट करायची वेळ आली तर वॉर्डात गोळ्या त्यांच्या राउंडला मिळतात, तुमच्या ९, १२:४५, ४ ला नाही. हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्या दिवशी सिस्टरांनी सकाळची गोळी साडेदहाला दिली आणि ही ब्रशसुद्धा धरू शकेना. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अक्षरात कागद केला, नाव, आजार, गोळी, आकडे, वेळा, आणि खाली लाल पेनानं न चालणाऱ्या औषधांची नावं, आणि तो पलंगाच्या कडेला चिकटवला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारलं की उपाशी ठेवायचं तर गोळीचं काय, त्यांनी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितलं. तुमचं वेगळं असेल, पण विचारायचं आदल्या दिवशी, ऑपरेशनच्या दारात नाही.

तो कागद अजून आहे. एक फ्रिजवर, एक हिच्या पर्समध्ये, एक माझ्या पाकिटात लॅमिनेट करून. गोळी बदलली की तिन्ही बदलतो, आणि जुना फाडून टाकतो, कारण मागच्या वर्षी पर्समधला जुना कागद बघून लेकीनं तीन दिवस जुनाच डोस दिला होता.